मांड, टाच आणि लगाम : ड्रेसाजमधील इशारे

20 मीटर रुंद आणि 60 मीटर लांब अशा वाळूच्या मैदानात घोडा ठरवून दिलेल्या हालचाली करून दाखवतो आणि परीक्षक प्रत्येक हालचालीला 0 ते 10 पर्यंत गुण देतात, ही ड्रेसाज या अश्वक्रीडेची बाह्य चौकट झाली. परंतु घोडा हे सारे आपल्या मनानेच करीत आहे असे पाहणाऱ्याला वाटावे, इतके स्वाराचे इशारे सूक्ष्म असणे, हीच तिची खरी कसोटी होय.

हे इशारे देण्याची साधने दोन प्रकारची मानतात. मांड, म्हणजे खोगिरावरील बैठक व शरीराचा तोल, तसेच पाय, लगाम धरलेले हात आणि आवाज ही नैसर्गिक साधने, तर चाबूक आणि टाचेला बांधायचे स्पर ही कृत्रिम साधने. आवाज सरावात उपयोगी पडतो. स्पर्धेत मात्र जिभेने नुसते चुचकारले तरी गुण कापले जातात. चाबूक व स्पर हे पायाचा इशारा नेमका करण्यासाठी असतात, शिक्षेसाठी नव्हेत. सरावात घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारतानाची चित्रफीत 2024 मध्ये उघड झाल्यावर ब्रिटनच्या ऑलिंपिक विजेत्या शार्लट दुजार्डिन यांना पॅरिस ऑलिंपिकमधून माघार घ्यावी लागली आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांना एक वर्षासाठी निलंबित केले.

इशारा किती जोराचा असावा, यापेक्षा तो केव्हा द्यावा आणि केव्हा थांबवावा, हा प्रश्न मोठा आहे. माशी बसली तरी जो प्राणी तेवढीच कातडी थरथरवतो, त्याला पोटरीचा हलका दाबही कळतो. त्याला टाचांनी सतत बडवणारा स्वार त्या स्पर्शाची किंमतच घालवून बसतो. घोडा शिकतो तो मुख्यतः दाब सुटण्यातून. अपेक्षित प्रतिसाद देताच स्वाराचा पाय सैल झाला, तर आपण केले ते बरोबर हे त्याला उमगते. तो सैल झालाच नाही, तर पुन्हा प्रतिसाद देण्याचे कारण उरत नाही. संथ चालीत घोड्याचा डावा मागचा पाय उचलून पुढे येतो, तेव्हा त्याचे पोट उजवीकडे झुकते आणि स्वाराचा डावा पाय आपोआप आत पडतो. त्या क्षणी दिलेला इशारा ते पाऊल अधिक पुढे आणू शकतो, पण तेच पाऊल जमिनीवर टेकून भार पेलत असताना दिलेला इशारा वाया जातो.

फ्रांस्वा रोबिशों द ला गेरिनिएर या 18 व्या शतकातील फ्रेंच अश्वशिक्षकाने रूढ केलेला ‘शोल्डर-इन’ हा व्यायाम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. यात घोडा सरळ रेषेत पुढे जात असतानाच पुढचे खांदे किंचित आत घेतो. स्वाराचा आतला पाय घोड्याच्या तंगापाशी राहून बाक आणतो, बाहेरचा पाय थोडा मागे राहून पुठ्ठा सांभाळतो आणि बाहेरचा लगाम खांद्याला आवर घालतो. नवखा स्वार नेमका उलटा मार्ग धरतो आणि आतला लगाम ओढतो. मग मान तेवढी वळते, खांदा बाहेर निसटतो आणि व्यायाम नावापुरता उरतो.

‘हाफ-हॉल्ट’ म्हणजे न थांबवता घोड्याला क्षणभर सावरणे. येथे मांड घट्ट होते, पाय मागील भागाला पुढे आणतात, बाहेरची मूठ आवळते आणि लगेच सुटते. ही मूठ न सुटणे हा फार मोठा दोष आहे. पाय आणि हात एकाच वेळी जोराने लावणे म्हणजे ‘जा’ आणि ‘थांब’ एकदम सांगणे. म्हणूनच 19 व्या शतकात फ्रांस्वा बोशे याने हात लावताना पाय नको आणि पाय लावताना हात नको, असा आग्रह धरला. त्याच्या इतर पद्धतींवर वाद झाले, पण नवशिक्यासाठी हा नियम आजही हिताचा आहे.

हात शांत राहण्यासाठी मुळात मांड पक्की लागते, कारण तोल गेलेला स्वार लगामालाच लोंबकळतो आणि तोंडातील कडियाळ्याचा त्रास घोड्याला भोगावा लागतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये शिकाऊ स्वाराला आरंभी लांब दोरीला बांधलेल्या घोड्यावर, रिकिबी व लगाम न देता बसवतात, ते याचसाठी. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने सांघिक ड्रेसाजचे सुवर्णपदक जिंकले आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. ते पाहून या खेळाकडे वळू इच्छिणाऱ्याने लगाम हाती येण्याची घाई करू नये, आधी दोरीवरची मांड मागून घ्यावी.