लिथुआनियातील दोन दुःखे

विल्नियसमध्ये केजीबीच्या जुन्या इमारतीत १९९२ साली एक संग्रहालय उघडले. नाव होते ‘वंशसंहारातील बळींचे संग्रहालय’. हे वाचून कोणालाही ज्यूच आठवतील. लिथुआनियातील सुमारे दोन लाख ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाझी राजवटीत मारले गेले. पण येथे वंशसंहार म्हणजे सोव्हिएत सत्तेने लिथुआनियनांवर केलेला जुलूम. ज्यूंच्या वाट्याला २०११ मध्ये एक कोठडी आली. नाव बदलायला २०१८ उजाडले.

याला निव्वळ ढोंग म्हणून मला मोकळे होता येत नाही. १४ जून १९४१ पासून सोव्हिएत पोलिसांनी सुमारे १७,००० माणसे मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियाकडे धाडली. (त्यांत ज्यूही होते, हे सहसा सांगितले जात नाही.) आठच दिवसांनी जर्मन फौजा घुसल्या आणि ‘ज्यू म्हणजे कम्युनिस्ट’ हे समीकरण हत्येला पुरले. गोळ्या झाडणाऱ्यांत स्थानिक माणसे पुष्कळ होती. युद्धानंतर पानेरियाईच्या वधस्थळी वाचलेल्या ज्यूंनी उभारलेले स्मारक सोव्हिएत सत्तेने पाडले. त्याजागी आलेल्या स्मारकावर ‘ज्यू’ हा शब्द नव्हता. हद्दपारीविषयी बोलण्यावर तर बंदीच. १९९० नंतर ते दुःख घराघरांतून बाहेर आले. दुसरे सांगायला घरेच फारशी उरली नव्हती.

ही सारी गुंतागुंत योनास नोरेइका या एका माणसात एकवटली आहे. शाउलेई जिल्ह्याचा प्रमुख असताना, ऑगस्ट १९४१ मध्ये, त्याने तिथल्या ज्यूंना झागारेच्या घेटोत हलवण्याचा हुकूम काढला. २ ऑक्टोबरला झागारेत दोन हजारांवर ज्यू मारले गेले. १९४३ मध्ये जर्मनांनी त्यालाच श्टुटहोफ छावणीत डांबले आणि १९४७ मध्ये सोव्हिएतांनी देहान्त शिक्षा दिली. त्यामुळे स्वतंत्र देशात तो वीर ठरला. घेटोचा हुकूम म्हणजे हत्येत सहभाग नव्हे, असा बचाव त्याच्या बाजूने केला जातो. झागारेची तारीख समोर असताना तो मला पटत नाही.

अमेरिकेतील त्याची नात सिल्व्हिया फोटी आईच्या अखेरच्या इच्छेखातर आजोबांचे गौरवचरित्र लिहायला बसली. कागदपत्रे चाळल्यावर तिने लिहिले ते त्याच्यावरचे आरोपपत्र. विल्नियसमधल्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयावर त्याचा स्मृतिफलक होता. एप्रिल २०१९ मध्ये तो हातोड्याने फोडला गेला. मग तो सांधून पुन्हा लावला, जुलैत महापौरांनी उतरवला आणि सप्टेंबरात राष्ट्रवादी तरुणांनी नवा बसवला.