रंगीत दिव्यांमुळे कॉम्प्युटर तापत नाही

ऊन वाढायला लागलं की अकोला-अमरावतीत गेमिंगचा कॉम्प्युटर असलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्या लाइटा बंद कर रे बाप्पा, तापून राह्यला तो डब्बा!" वडील म्हणतात, शेजारचा मित्र म्हणतो, आणि कधी कधी तो कॉम्प्युटर जोडून देणारा दुकानदारही म्हणतो. मुलगा निमूटपणे पंख्यांमधले रंगीत दिवे बंद करतो. अर्ध्या तासाने गेम पुन्हा अडकायला लागतो, कारण तापमान होतं तिथेच असतं.

नुसता चुकीचा समज असता तर सोडून देता आला असता. पण दिव्यांवर आळ घालून मोकळं झालं की खऱ्या कारणाकडे कुणी बघत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते महागात पडतं. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

दिव्यांचा हिशेब

कॅबिनेटच्या पंख्यात किंवा पट्टीत जे दिवे असतात ते जेमतेम ५ मिलिमीटरचे चौकोनी मणी. उजेड अगदी कमी करून जवळून पाहिलं तर एकाच मण्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे ठिपके दिसतात. या तिघांचं प्रमाण बदललं की रंग बदलतो. 'आरजीबी' म्हणतात ते एवढंच.

असा मणी साधारणपणे ५ व्होल्टवर चालतो. एका ठिपक्याला पूर्ण उजेडात जास्तीत जास्त २० मिलिअँपिअर धरले, तर तिन्ही पेटून पांढरा उजेड पडतो तेव्हा ६० मिलिअँपिअर होतात, म्हणजे ०.३ वॉट. चार पंखे आणि एखादी पट्टी मिळून कॅबिनेटमध्ये ६० मणी आहेत असं समजू. सगळे पूर्ण पांढरे पेटवले तर १८ वॉट. नुसता लाल ठेवला तर ६ वॉट.

आता त्याच डब्यातल्या बाकीच्यांकडे पाहा. एएमडीच्या रायझेन ५ ५६०० या प्रोसेसरची कंपनीने दिलेली मर्यादा ६५ वॉट आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या ग्राफिक कार्डाची १७० वॉट. दोघांचे मिळून २३५ वॉट, आणि गेम चालू असताना त्यातला बहुतेक भाग सतत उष्णतेत बदलत असतो. कॅबिनेटमधून मिनिटाला ६० घनफूट हवा खेळत असेल, तर २३५ वॉटने ती हवा सात अंशांहून थोडी जास्त तापते. दिव्यांच्या १८ वॉटने अर्ध्या अंशाच्या आसपास, आणि तेही सगळे मणी पूर्ण पांढरे जळत असतील तर. रोजच्या रंगीत वापरात हा आकडा आणखी खाली येतो. भाजी करपली म्हणून देव्हाऱ्यातली समई विझवावी, तसला हा उपाय आहे.

ज्यांना हा हिशेब पटत नाही त्यांनी घरीच ताडून पाहावं. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्राम चालू करा. तोच गेम वीस मिनिटं दिवे लावून खेळा आणि आकडा लिहून ठेवा. मग दिवे बंद करून वीस मिनिटं खेळा. खोलीचं तापमान दोन्ही वेळा सारखं असू द्या, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

मग तापतं कशाने?

खोलीने. कॉम्प्युटरचा पंखा थंड हवा तयार करत नाही, खोलीतलीच हवा तो आत ओढतो. म्हणून प्रोसेसर नेहमी खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंश वर राहतो. हा फरक ४५ अंशांचा असेल, तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० वर राहील आणि ४३ अंशांच्या खोलीत ८८ वर. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतात. गेम अडकतो तो तेव्हा.

आणि ४३ अंशांची खोली ही आपल्याकडे अतिशयोक्ती नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केलं, कामगारांसाठी पिण्याचं पाणी आणि पंखे ठेवण्याचे आदेश दिले, खासगी शिकवण्यांच्या वेळाही बदलायला लावल्या. उन्हाळ्यातल्या त्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, म्हणजे नवतपात, पत्र्याच्या छताखालच्या भाड्याच्या खोलीत एखादा विद्यार्थी कॉम्प्युटर चालवत असेल, तर त्याच्या डब्यातल्या रंगीत मण्यांनी काय बिघडवलं असेल?

दुसरं कारण धूळ. उन्हाळ्यातल्या वावटळी खिडकीतून काळ्या मातीची बारीक धूळ आत आणतात. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांकडे कापसाचा तंतूही येतो. ही धूळ पुढच्या जाळीवर आणि प्रोसेसरवरच्या पत्र्यांच्या फटींमध्ये नमद्यासारखी बसते. जाळी बुजली की हवा अडते, आणि हवा अडली की वर सांगितलेला ४५ अंशांचा फरक ५५ वरही जाऊ शकतो.

समज आला कुठून?

लोकांनी तो हवेतून काढलेला नाही. दिव्यांचे कॅबिनेट खरोखरच जास्त तापतात असा अनेकांचा अनुभव आहे, आणि तो खोटा नाही. दोष मात्र दिव्यांचा नाही, काचेचा आहे. दिवे दिसावेत म्हणून काही कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला अखंड काच लावलेली असते. मागे तीन झगमगते पंखे असतात, पण त्यांना हवा घ्यायला कडेची बोटभर फट तेवढी उरते. त्याच्या शेजारी जाळीच्या तोंडाचा साधा काळा डबा ठेवला तर तो थंड चालतो. बघणाऱ्याला फरक दिसतो तो दिव्यांचा, आणि ठपका त्यांच्यावर बसतो.

म्हणून खरेदी करताना 'लाइटवाला की बिनलाइटचा' हा प्रश्न विचारूच नका. पुढे जाळी आहे की काच, एवढंच पाहा. जाळीच्या मागे रंगीत पंखे असलेले कॅबिनेटही मिळतात. दिवे हवे असतील तर ते खुशाल घ्या.

कूलरचा झोत

दिवे बंद करूनही फरक पडला नाही की पुढची पायरी म्हणजे कॉम्प्युटर थेट कूलरच्या तोंडाशी ठेवणं. यातली अर्धी गोष्ट बरोबर आहे. मे महिन्यातली आपली हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर खोली चांगली गार करतो, आणि गार खोलीत कॉम्प्युटरही गार राहतो. घोटाळा थेंबांचा आहे. पॅडमधून बारीक तुषार उडत असतील आणि ते पंख्याबरोबर आत ओढले गेले, तर पाणी सुकून जातं आणि क्षार मागे राहतात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा आपल्याला नवा नाही. तिथलं बोअरचं पाणी मुळात खारं, आणि कूलरच्या टाकीत ते दिवसभर आटून अधिकच खारं होतं. हे क्षार मदरबोर्डवर बसले आणि पावसाळ्यातली दमट हवा लागली की गंज धरतो, शॉर्टही होऊ शकतं. कूलर जरूर लावा, पण कॉम्प्युटर झोताच्या बाजूला ठेवा आणि टाकीतलं पाणी बदलत राहा.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*लाल दिवा गरम, निळा थंड.* रंग कुठलाही असो, मण्याला पुरवठा तेवढ्याच व्होल्टचा असतो आणि प्रत्येक रंगाला वीज जवळपास सारखीच लागते, म्हणून उष्णताही सारखीच. निळा रंग थंड वाटतो तो आपल्या डोळ्यांना.

*दिव्यांचा कॉम्प्युटर फास्ट असतो.* नसतो. पैसे मर्यादित असतील तर आधी प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी बघा. उरले तर दिवे.

*दिव्यांनी वीजबिल फुगतं.* १० वॉट रोज ८ तास जळले तर महिन्याला २.४ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तरी २४ रुपये.

*कॉम्प्युटर बंद केला तरी दिवे चालू, म्हणजे काहीतरी बिघडलं.* मदरबोर्डला बंद अवस्थेतही थोडा पुरवठा चालू असतो, त्यावर हे दिवे जळतात. अनेक बोर्डांच्या बायोसमध्ये 'ईआरपी' नावाची सेटिंग असते. ती चालू केली की दिवे विझतात.

*दिवे आहेत म्हणजे रंग बदलता येतोच.* अनेक स्वस्त पंख्यांचे रंग कायमचे ठरलेले असतात. फक्त विजेची वायर असेल आणि रंगासाठी वेगळी पिन नसेल, तर कुठल्याही सॉफ्टवेअरने तो रंग बदलणार नाही. पैसे देण्याआधी दुकानातच पिन बघून घ्या.

*सगळ्या पिना सारख्याच.* या समजापायी मात्र खरंच नुकसान होतं. दिव्यांची चार पिनांची जोडणी १२ व्होल्टची असते, तीन पिनांची ५ व्होल्टची. ५ व्होल्टचे दिवे बळजबरीने १२ व्होल्टवर बसवले तर ते जळून जातात. शिवाय ५ व्होल्टच्या एका जोडणीची मर्यादा बहुतेक बोर्डांवर ३ अँपिअर असते. वरच्या हिशेबातले ६० मणी पूर्ण पांढरे पेटवले तर ३.६ अँपिअर होतात. एवढे दिवे लावायचे असतील तर पॉवर सप्लायमधून वेगळी वीज घेणारा हब लावा. लाल दिवा गरम असतो का याची चिंता करण्यापेक्षा मदरबोर्डसोबत आलेल्या पुस्तिकेतलं हे एक पान वाचा.

*प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर टाकावंच लागतं.* तीन-चार सॉफ्टवेअर एकाच वेळी दिव्यांवर ताबा मिळवायला लागली की रंग अडकतात आणि प्रोसेसरवर विनाकारण भार पडतो. एकच ठेवा. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून 'डायनॅमिक लाइटिंग' ही सोय आहे. तिला साथ देणाऱ्या उपकरणांचे रंग सेटिंग्जमधूनच बदलता येतात. अनेक कंपन्यांचे दिवे एकत्र चालवायचे असतील तर ओपनआरजीबी हा मोफत प्रोग्राम आहे.

दिव्यांना कामाला लावा

ज्या दिव्यांना उष्णतेचे गुन्हेगार ठरवलं जातं, त्यांनाच उष्णतेची राखण करायला बसवता येतं. काही सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरच्या तापमानाप्रमाणे रंग बदलण्याची सोय असते. असुसच्या ऑरामध्ये ती 'स्मार्ट' नावाने आहे, कॉर्सेअरच्या आयक्यूमध्येही आहे. सोय असेल तिथे ७० अंशांखाली हिरवा, ८५ पर्यंत पिवळा आणि त्यावर लाल असे टप्पे ठेवावेत. लाल रंग दिसला की गेम थांबवायचा, पंख्यांची जाळी पुसायची, खोलीची हवा खेळती करायची. आकडे न वाचणाऱ्या घरच्यांनाही ही खूण कळते.

नवतपा लागण्याआधी चार कामं उरकून घ्यावीत. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून जाळी आणि पत्र्यांच्या फटी साफ करा. कॅबिनेट भिंतीपासून दूर करा, पलंगाखाली असेल तर बाहेर काढा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट काही वर्षं जुनी असेल तर दुकानात बदलून घ्या. आणि जड काम भर दुपारी न करता सकाळी किंवा रात्री करा. यातल्या प्रत्येक कामाने तापमानात दिसण्याजोगा फरक पडू शकतो. दिवे विझवून तो पडणार नाही.