अनेक मितींचे आकडे आणि सुबोध तक्ता

कोणत्याही व्यवसायाच्या नियोजनात आकडेवारीला महत्त्वाचे स्थान आहे. परंतु केवळ आकडे गोळा केल्याने नियोजन होत नाही. ते निर्णय घेणाऱ्यांना समजतील अशा रीतीने मांडावे लागतात. उदाहरणादाखल एक सहकारी दूध संघ घेऊ. त्याची उत्पादने चार, तालुके सहा, महिने बारा आणि उद्दिष्ट व प्रत्यक्ष विक्री असे दोन प्रकार. यांचा गुणाकार केल्यास एका वर्षाचे ५७६ आकडे होतात. कागदाला मात्र आडवी व उभी अशा दोनच दिशा असतात. हे सर्व आकडे एकाच तक्त्यात भरले, तर संचालक मंडळापुढे माहिती येते, पण अर्थ येत नाही.

कोष्टकाचा विकास

डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिसिकॅल्क’ १९७९ मध्ये आले आणि हिशेबाची चौकट संगणकाच्या पडद्यावर अवतरली. १९९१ मध्ये आलेल्या ‘लोटस इम्प्रॉव्ह’ने आकड्यांच्या मिती हव्या तशा फिरवून पाहण्याची सोय दिली. आज एक्सेलसारख्या साधनांत ‘पिव्होट टेबल’ या नावाने हीच सोय उपलब्ध आहे.

मांडणीची पद्धत

यासाठी मूळ नोंदवही साधी असावी. विक्रीची प्रत्येक नोंद एका ओळीत लिहावी आणि दिनांक, तालुका, उत्पादन व रक्कम यांना स्वतंत्र रकाने द्यावेत. त्यानंतर तक्त्याने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे, हे निश्चित करावे. ‘कोणता तालुका उद्दिष्टात मागे पडला?’ हा प्रश्न असल्यास ओळींत सहा तालुके आणि रकान्यांत उद्दिष्ट, प्रत्यक्ष विक्री व फरक एवढेच घ्यावे. ५७६ आकड्यांच्या जागी १८ आकडे उरतात. उत्पादन व महिना यांची निवड तक्त्याच्या माथ्यावर ठेवावी. सर्वाधिक तूट असलेला तालुका प्रथम घ्यावा. आकड्यांचे एकक आणि ते कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत, याचा उल्लेख अवश्य करावा.

बेरजेतील धोका

सर्वच आकड्यांची बेरीज करता येत नाही. बारा महिन्यांच्या विक्रीची बेरीज योग्य ठरते. परंतु बारा महिन्यांच्या अखेरच्या शिलकी साठ्यांची बेरीज निरर्थक होय. टक्केवारीच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. समजा, एका केंद्रावर १,००० लीटरपैकी २० लीटर दूध नासले, म्हणजे २ टक्के. दुसऱ्या केंद्रावर १०० लीटरपैकी १० लीटर, म्हणजे १० टक्के. या दोहोंची सरळ सरासरी ६ टक्के येते. प्रत्यक्षात १,१०० लीटरपैकी ३० लीटर, म्हणजे सुमारे २.७ टक्केच दूध नासलेले असते. सहा टक्के पाहून संचालक मंडळ साऱ्या संघाच्या व्यवस्थेवर खर्च मंजूर करील आणि खरा दोष असलेले लहान केंद्र नजरेआड राहील. म्हणून एकूण टक्केवारी नेहमी मूळ राशींवरूनच काढली पाहिजे.

संगणक आकडे क्षणार्धात फिरवून देतो. मात्र प्रश्न कोणता आणि बेरीज कशाची, हे माणसालाच ठरवावे लागते. संघाचा पैसा सभासदांच्या कष्टाचा असतो. तो योग्य ठिकाणी खर्च व्हावयाचा, तर सभेपुढील तक्ता सभासदालाही वाचता आला पाहिजे.