वैवाहिक व्हिसा
वैवाहिक व्हिसा : एखाद्या देशाच्या नागरिकाशी अथवा तेथे स्थायिक असलेल्या व्यक्तीशी विवाह झाल्याच्या आधारावर परकीय व्यक्तीस त्या देशात प्रवेश करण्यास व राहण्यास दिलेला परवाना. शिक्षणासाठी परदेशी गेलेली व्यक्ती तेथेच विवाहबद्ध झाली, किंवा मायदेशी येऊन विवाह करून परत गेली, म्हणजे तिच्या विद्यार्थी व्हिसाचे वैवाहिक व्हिसात रूपांतर करण्याचा प्रश्न उद्‌भवतो. विवाहामुळे हे रूपांतर आपोआप होत नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्ज, विहित शुल्क व विवाहाच्या खरेपणाचा पुरावा द्यावा लागतो आणि निर्णय शासनाच्या अधीन असतो. विद्यार्थ्याचा निवास विद्यापीठातील प्रवेशावर अवलंबून असतो व अभ्यासक्रमाबरोबर संपतो. वैवाहिक व्हिसावरील निवास पती वा पत्नीच्या दर्जावर अवलंबून असतो. रूपांतराचे सर्व कायदेशीर परिणाम या एका फरकातून निघतात.

व्यवहारात वैवाहिक व्हिसा ही संज्ञा दोन भिन्न गोष्टींना लावली जाते. नागरिकाच्या वा स्थायी निवासीच्या जोडीदाराला मिळणारा परवाना कालांतराने स्थायी निवासाकडे नेतो. नोकरीसाठी वा शिक्षणासाठी तात्पुरत्या आलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला मिळणारा परवाना केवळ आश्रिताचा असतो व मूळ व्हिसाबरोबरच संपतो. परदेशस्थ मराठी कुटुंबांत दुसरा प्रकार पुष्कळ आढळतो आणि दोहोंतील गल्लत अनेकदा महागात पडते.

विवाहाचा राष्ट्रीयत्वावर परिणाम व्हावा, ही कल्पना जुनी आहे. १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व अधिनियमानुसार पत्नीचे राष्ट्रीयत्व पतीप्रमाणे ठरे. अमेरिकेत १९२२ च्या केबल अधिनियमाने स्त्रियांना स्वतंत्र नागरिकत्व दिले. परंतु नागरिकत्वास अपात्र ठरविलेल्या परकीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीस ते गमवावे लागे. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात भारतीयांना अपात्र ठरविल्यामुळे भारतीयाशी विवाह करणे हे अशा स्त्रीच्या दृष्टीने नागरिकत्वावर पाणी सोडण्यासारखे झाले. ही तरतूद १९३१ मध्ये रद्द झाली. विवाहित स्त्रियांच्या राष्ट्रीयत्वाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९५७ च्या कराराने विवाह व राष्ट्रीयत्व यांची फारकत केली. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमातही परकीयाशी केवळ विवाह केल्याने भारतीय स्त्रीचे नागरिकत्व जात नाही; परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्यासच ते संपुष्टात येते.

अमेरिकेतील पद्धती : एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी अर्जदाराने शिक्षणानंतर मायदेशी परतण्याचा हेतू दाखवावा लागतो. त्यामुळे प्रवेशानंतर लगेच विवाह करून स्थायी निवासाचा अर्ज केल्यास मूळ हेतूविषयीच शंका घेतली जाते. प्रवेशापासून ९० दिवसांच्या आत असे वर्तन घडल्यास चुकीची माहिती दिल्याचे अनुमान काढता येईल, असे मार्गदर्शन तेथील परराष्ट्र विभागाने २०१७ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना केले. नागरिकाच्या जोडीदाराला १९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व अधिनियमानुसार देश न सोडता दर्जा बदलून घेता येतो व त्यास वार्षिक संख्येची मर्यादा नाही. स्थायी निवासीच्या जोडीदाराला मात्र क्रमाची वाट पाहावी लागते. अर्ज प्रलंबित असताना पूर्वपरवानगीशिवाय देश सोडल्यास एफ-१ धारकाने तो अर्ज सोडून दिला असे सामान्यतः मानले जाते. गावी वडीलधाऱ्यांचे आजारपण वा निधन ओढवले असता या नियमाची झळ विशेष जाणवते. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी निवास मंजूर झाल्यास तो १९८६ च्या सुधारणेनुसार दोन वर्षांपुरता सशर्त असतो व मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी संयुक्त अर्ज करून अट काढून घ्यावयाची असते.

तात्पुरत्या नोकरीसाठी आलेल्या एच-१बी धारकाशी विवाह झाल्यास विद्यार्थिनीला एफ-१ सोडून एच-४ हा आश्रित व्हिसा घेता येतो. एच-४ वर शिक्षण चालू ठेवता येते. परंतु विद्यापीठातील अर्धवेळ काम व पदवीनंतरचे व्यावसायिक प्रशिक्षण या एफ-१ च्या सवलती जातात. मे २०१५ पासून अशा काही जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळू लागली. मात्र पतीचा वा पत्नीचा स्थायी निवासाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत गेलेला असावा लागतो. उच्च पदवी असूनही वर्षानुवर्षे घरी बसावे लागणे हा या रूपांतराचा सर्वांत जाचक परिणाम होय.

ब्रिटनमध्ये नागरिकाशी वा स्थायिक व्यक्तीशी विवाह झालेल्या विद्यार्थ्याला देशातूनच अर्ज करता येतो. अभ्यागत म्हणून आलेल्यास तो करता येत नाही. देशातून अर्ज केल्यास प्रथम ३० महिन्यांचा निवास मिळतो आणि पाच वर्षांनी स्थायी निवासासाठी पात्रता येते. विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षे या पाचांत धरली जात नाहीत. जोडीदाराच्या किमान वार्षिक उत्पन्नाची अट २०१२ मध्ये १८,६०० पौंड होती, ती एप्रिल २०२४ मध्ये २९,००० पौंड करण्यात आली. १९८० नंतरच्या काळात तेथे विवाहाचा प्रमुख उद्देश स्थलांतर हाच नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावे असा नियम होता. घरच्यांनी जुळविलेल्या विवाहांत वधूवरांचा पूर्वपरिचय अल्प असल्याने भारतीय उपखंडातील अर्जदारांना तो फार जाचक ठरला. १९९७ मध्ये तो रद्द झाला.

भंडारा जिल्ह्यातील कागदपत्रे : निर्णय लंडनमध्ये होवो वा अमेरिकेत, त्याचा मूळ पुरावा अनेकदा साकोली, पवनी वा लाखांदूरसारख्या ठिकाणी तयार होतो. लग्नपत्रिका, छायाचित्रे वा पुरोहिताचा दाखला ही पूरक साधने होत. मुख्य आधार विवाहनोंदणीचा असतो. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमानुसार ही नोंदणी ग्रामीण भागात ग्रामसेवकाकडे व शहरात नगरपरिषदेकडे होते. विवाहापासून ९० दिवसांत ज्ञापन सादर करावयाचे असते. वधूवरांपैकी एक परदेशी नागरिक असल्यास १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाचा मार्ग सोयीचा असतो. त्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते, आणि नोटीस प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते. सुटीत महिनाभरासाठी घरी आलेल्या विद्यार्थ्याचे गणित येथेच चुकते.

त्याहून नाजूक बाब नावाची आहे. महाराष्ट्रात नाव, वडिलांचे वा पतीचे नाव व आडनाव अशी त्रिपदी पद्धती असून विवाहानंतर स्त्रीची शेवटची दोन पदे बदलतात. काही कुटुंबांत पहिले नावही बदलले जाते. परिणामी नागपूर विद्यापीठाची पदवी एका नावाची, विवाहाचा दाखला दुसऱ्या नावाचा आणि पारपत्र तिसऱ्याच वर्णलेखनाचे, असा प्रकार घडतो. सासरी हौसेने ठेवलेले नाव परकीय अधिकाऱ्याला निराळी व्यक्ती भासते. कायद्याने नावबदल सक्तीचा नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बदल करावयाचाच असल्यास तो राजपत्रात प्रसिद्ध करून नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयामार्फत पारपत्रात करून घेणे व त्यानंतरच अर्ज दाखल करणे श्रेयस्कर ठरते. मराठी दाखल्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. काही देश दाखल्यावर साक्षांकन मागतात. २००५ मध्ये भारताच्या बाबतीत हेग करार अंमलात आल्यापासून करारातील देशांसाठी हे काम परराष्ट्र मंत्रालयाच्या एकाच मुद्रेने भागते.

भारतातील तरतुदी : भारतात शिकण्यास आलेल्या परकीयालाही हाच प्रश्न पडतो. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने आगमनापासून १४ दिवसांत परकीय नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावयाची असते. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात हे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असते. २०१८ पासून बहुतेक अर्ज संगणकीय पद्धतीने स्वीकारले जातात. भारतीयाशी विवाह झाल्यास विद्यार्थी व्हिसाचे ‘एक्स’ या प्रवेश व्हिसात रूपांतर होऊ शकते. त्यासाठी विवाहनोंदणीचा दाखला, पतिपत्नी एकत्र राहत असल्याचा चौकशी अहवाल व सुरक्षाविषयक तपासणी आवश्यक असते. नोंदणीकृत विवाह दोन वर्षे अखंड टिकल्यास परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डासाठी, आणि सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान व बांगला देश यांच्या नागरिकांना हे कार्ड मिळत नाही. १९४६ चा परकीय नागरिक अधिनियम व त्याबरोबरचे जुने कायदे रद्द करून २०२५ चा स्थलांतर व परकीय नागरिक अधिनियम १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला.

विवाह मोडल्यास : विद्यार्थ्याचा व्हिसा त्याच्या स्वतःच्या नावे असतो, आश्रिताचा व्हिसा टिकविणे वा संपविणे बऱ्याच अंशी जोडीदाराच्या हाती असते. संयुक्त अर्जावर सही न करणे, पारपत्र काढून घेणे, पत्नीस माहेरी सोडून एकट्याने परत जाणे, यांसारखे प्रकार त्यामुळे शक्य होतात. अमेरिकेत १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविषयक अधिनियमाने नागरिकाच्या वा स्थायी निवासीच्या पीडित जोडीदाराला स्वतःहून अर्ज करण्याचा अधिकार दिला. परंतु एच-१बी धारकाच्या एच-४ वरील पत्नीला त्याद्वारे स्थायी निवासाचा मार्ग मिळत नाही. ब्रिटनमध्ये नागरिकाच्या वा स्थायिक व्यक्तीच्या पीडित जोडीदाराला स्वतंत्रपणे स्थायी निवास मागता येतो. भारतातही न्यायालयाने विवाह विच्छेदित केल्यास विवाहाच्या आधारे मिळालेले परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड रद्द होऊ शकते. विद्यार्थी व्हिसाची बरीच मुदत शिल्लक असताना तो घाईने सोडू नये, असा सल्ला जाणकार देतात तो याच कारणाने. परित्यक्ता पत्नींच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची ३० दिवसांत नोंदणी सक्तीची करणारे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण ते संमत झाले नाही. फेब्रुवारी २०२४ मधील आपल्या २८७ व्या अहवालात विधी आयोगाने या विषयावर सर्वंकष कायदा करावा आणि पतिपत्नींच्या पारपत्रांवर एकमेकांचा उल्लेख व विवाहनोंदणी क्रमांक असावा, अशी शिफारस केली.