एकच सूर: हसू आणि आसू

ज्या छळात साठ लाख ज्यूंचे प्राण गेले, त्याच्या कथेत विनोदाला जागा असावी काय? पुष्कळ रसिकांना हा प्रश्नच अनुचित वाटतो. आपले रसशास्त्रही त्यांच्याच बाजूचे आहे; ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने करुण हा हास्याचा विरोधी रस मानला आहे. मी दरबारी गवयाचा मुलगा आणि पेशाने गाण्याचा मास्तर. चित्रपटकलेचा जाणकार नव्हे. परंतु हे चित्रपट कान देऊन ऐकले, तेव्हा या प्रश्नाची थोडी उकल झाली.

मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच, मग राग तीन कसे, असे शिकवणीतली मुले नेहमी विचारतात. मी सांगतो, स्वर कोठे ठेवला, कोठे विसावला आणि कोणत्या सप्तकात रमला, ते पाहा. मारव्याची व्याकुळता आणि सोहनीचा चंचलपणा एकाच स्वरसमूहातून निघतात.

आता चार्ली चॅप्लिनचा १९४० चा ‘द ग्रेट डिक्टेटर’ घ्या. हुकूमशहा हिंकेल पृथ्वीच्या फुग्याशी नाचतो, तो सुप्रसिद्ध प्रसंग. मागे वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ची प्रस्तावना चालू असते. वाग्नर हा ज्यूद्वेष्टा, आणि लहानपणी पाहिलेल्या याच संगीतिकेने हिटलरला भुरळ घातली होती. सूर चढत जातात आणि कळस गाठण्यापूर्वीच फुगा फुटतो. प्रेक्षक खदखदून हसतात. चित्रपटाच्या शेवटी हुकूमशहाच्या जागी चुकून उभा राहिलेला गरीब ज्यू न्हावी परागंदा झालेल्या हॅनाला धीर देतो, तेव्हा तेच सूर पुन्हा येतात, आणि या वेळी ते पूर्णत्वाला पोहोचतात. हिटलरच्या लाडक्या संगीताने त्याची टर उडविली आणि त्याच संगीताने त्याच्या बळींना आशाही दिली!

अर्न्स्ट लुबिच हे बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू दिग्दर्शक. त्यांच्या १९४२ च्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’त भाला धरून उभे राहण्यापलीकडे काम न मिळालेला ग्रीनबर्ग नावाचा नट आहे. एकदा तरी शायलॉकचे भाषण म्हणावे, ही त्याची हौस. ते भाषण तीनदा येते. पहिल्यांदा त्याच्या हौसेचे हसू येते. दुसऱ्यांदा वॉर्सात जर्मन शिरलेले असतात. बर्फात उभा राहून तो तेच शब्द पुटपुटतो आणि हसू विरते. तिसऱ्यांदा मित्रांच्या सुटकेसाठी जर्मन सैनिकांच्या गराड्यात तो ते म्हणतो, तेव्हा अंगावर काटा येतो. भाषणातला ‘ज्यू’ हा शब्द लुबिच यांनी गाळला आहे. तरी बोलणारा कोण, हे सांगावे लागत नाही.

रॉबेर्तो बेनिन्यी यांच्या १९९७ च्या ‘लाइफ इज ब्यूटिफुल’विषयी वाद अधिक झाला. छळछावणी हा एक खेळ आहे, अशी बाप मुलाची समजूत घालतो. खऱ्या छावणीत असे मूल लपून राहणे जवळजवळ अशक्य, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातील ओफेनबाखची ‘बार्कारोल’ ऐका. नाट्यगृहात हीच धून चालू असताना गुइदो आपल्या आवडत्या डोराने मागे वळून पाहावे म्हणून गमतीदार खटपट करतो. पुढे छावणीत तो ग्रामोफोनचा कर्णा खिडकीकडे वळवितो आणि तीच धून अंधारातून स्त्रियांच्या बराकीत डोरापर्यंत पोहोचते. ओफेनबाख ज्यू, म्हणून नाझींनी त्याचे संगीत बंद पाडले होते, हे ध्यानात घेतले की त्या चार स्वरांचे मोल कळते. पूर्वार्धातला थिल्लरपणा नसता, तर ही आठवण बराकीतल्या डोराला कशाच्या आधाराने आली असती?

तथापि मर्यादा आहेच, आणि ती चॅप्लिननेच आखून दिली आहे. छावण्यांतील खरी भीषणता आधी ठाऊक असती, तर हा चित्रपट आपल्या हातून झाला नसता, असे त्याने १९६४ च्या आत्मचरित्रात लिहिले. म्हणून कोणत्याही अशा चित्रपटाला मी एकच कसोटी लावतो. हसणाऱ्याचे तोंड कोणाकडे आहे? ते जुलमी माणसाच्या डौलाकडे असेल, किंवा ते हसू बळी पडणाऱ्याच्या स्वतःच्या ओठांवरचे असेल, तर ते रसभंग करीत नाही. बळीच्या यातनेकडे पाहून आलेले हसू मात्र बेसूरच. मग त्याचा कर्ता कितीही मोठा असो.