डायलिसिस आणि झोप: सगळा दोष ‘टेन्शन’चा नाही

डायलिसिसवरील रुग्णांमध्ये झोपेच्या तक्रारी सर्रास आढळतात, आणि तितकाच सर्रास आढळतो त्यांचा एकच खुलासा: ‘फार विचार करतो, म्हणून झोप लागत नाही.’ आजाराची आणि खर्चाची काळजी असतेच. पण रात्री दोन वाजता पोटऱ्यांना ओढणी करकचून बांधून घरभर येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला ‘मन शांत ठेव’ म्हणणे हा निव्वळ आळशी सल्ला आहे.

‘पाय ओढतात’, ‘आतून मुंग्या चालतात’ ही वर्णने रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमची. त्रास आडवे पडल्यावर सुरू होतो, चालले की थांबतो आणि संध्याकाळनंतर बळावतो. एवढे विचारले तरी बहुतेक वेळा ओळख पटते. हे पेटके नव्हेत. पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो. पायांच्या अस्वस्थतेमागे लोहाची कमतरता हे एक कारण असते. खाज किंवा सर्दीवरची गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी आणि मळमळीवरचे मेटोक्लोप्रमाइड यांनी हा त्रास वाढू शकतो. म्हणजे गुंगी आणणारी गोळीच रुग्णाला उठवून बसवते! गॅबापेंटिनचा उपयोग होतो, पण ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारे औषध असल्याने डोस फार कमी लागतो. नेहमीच्या डोसने रुग्ण भ्रमिष्ट होऊ शकतो, तोल जाऊन पडू शकतो.

झोपमोडीचे दुसरे कारण झोपेत श्वास अडणे, म्हणजे स्लीप ॲप्निया. तो फक्त लठ्ठ, घोरणाऱ्यांना होतो हा समज इथे लागू नाही. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात साठलेले पाणी दिवसा पायांत उतरते आणि आडवे झाल्यावर मानेकडे सरकून घसा अरुंद करते. टोरांटोतील १४ रुग्णांना आठवड्यातून तीनदा चार-चार तासांच्या डायलिसिसऐवजी आठवड्यातून सहा-सात रात्री आठ-आठ तास डायलिसिस दिले, तेव्हा तासाला श्वास अडण्याची सरासरी २५ वरून ८ वर आली (न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, २००१). केवळ चिंतेने अडलेला श्वास यंत्राचे तास वाढवून मोकळा झाला नसता.

आणि झोपेसाठीची गोळी? सिएटल व अल्बुकर्की येथील डायलिसिस केंद्रांतल्या १२६ निद्रानाशाच्या रुग्णांपैकी काहींना वर्तनोपचार, काहींना ट्रॅझोडोन, तर काहींना औषध नसलेली गोळी देण्यात आली. झोपेच्या बाबतीत तिन्ही गटांमध्ये एकमेकांत फरक दिसला नाही. ट्रॅझोडोनच्या गटात हृदयाशी निगडित गंभीर त्रास मात्र जास्त दिसले (ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन, २०२४).

किरकोळ समज आणखी आहेत. ‘खुर्चीत चार तास झोपतो, तेवढी पुरे’: ती डुलकी असते, आणि रात्रीची झोप ती आणखी पुढे ढकलते. ‘घोरतो म्हणजे गाढ झोपलाय’: नेमके उलटही असू शकते. ‘किडनी बदलली की झोप पूर्ववत’: पायांची अस्वस्थता बहुधा कमी होते, श्वास अडणे मात्र सगळ्यांचे थांबत नाही.