अकरा वेळा आबासाहेब

1962 साली सांगोल्यात एकविसाव्या वर्षी ज्यानं पहिलं मत टाकलं, तो 2014 ला त्र्याहत्तरीत पोचला होता. मधल्या काळात मतदानाचं वयही एकवीसवरून अठरावर आलं. त्याच्या नातवानं 2014 ला पहिलं मत दिलं असेल, तर आजोबाला आणि नातवाला पहिल्याच मतदानात एक नाव सारखं दिसलं: गणपतराव देशमुख ऊर्फ आबासाहेब, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप).

एक मतदारसंघ, एक पक्ष, तेरा लढती, अकरा विजय. 1962 ची ती महाराष्ट्र राज्याची पहिली विधानसभा निवडणूक होती आणि सभागृह होतं 264 जणांचं. पुढे ते 270 चं झालं, मग 288 चं. केरळात के. एम. मणी पालामधून 13 वेळा निवडून आले, तमिळनाडूत करुणानिधीही 13 वेळा, पण करुणानिधींनी मतदारसंघ बदलले. तेव्हा सर्वाधिक विजयांचा विक्रम नेमका कुणाचा, हा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. मला आबासाहेबांच्या विजयांपेक्षा पराभवाचा आकडा जास्त बोलका वाटतो.

ते दोनदाच पडले. 1972 ला हरले, पण 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. दुसऱ्यांदा 1995 ला पडले ते शहाजीबापू पाटलांकडून, अवघ्या 192 मतांनी. म्हणजे चार एसटी गाड्यांत बसतील एवढी माणसं. त्यातही 97 जणांनी शिक्का इकडचा तिकडे मारला असता, तरी निकाल फिरला असता.

आता या 97 जणांचा हिशेब पुढे नेऊन बघा. यशवंतराव चव्हाणांपासून 2019 पर्यंतच्या फडणवीसांपर्यंत, काळजीवाहू सोडून, महाराष्ट्रानं 17 मुख्यमंत्री पाहिले. त्यातले 15 आबासाहेबांनी आमदार म्हणून सभागृहात बसून पाहिले. हुकले ते दोघेच, मनोहर जोशी आणि नारायण राणे. दोघांचीही कारकीर्द नेमकी 1995 ते 1999 या चार वर्षांतली!

पन्नासहून अधिक वर्षं आमदारकी, आणि मंत्रिपद? 1978 ला शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात, मग 1999 ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. दोन्ही मिळून पाच वर्षंही भरत नाहीत. राज्यातल्या छोट्या पक्षाला चिकटून राहिलं की लाल दिव्याचा वाटा असाच येतो. त्यांचा बराचसा काळ विरोधी बाकांवर आणि पाण्यासाठी गेला. सांगोला हा कायमचा दुष्काळी तालुका. कृष्णेचं पाणी उचलून इकडे आणा, म्हणून नागनाथअण्णा नायकवडींसोबत 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी राहिली, त्यात ते अखेरपर्यंत होते. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची नावं या भागात लेकरांनाही पाठ आहेत ती उगाच नाही.

2014 ला नव्वदीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस पंचवीस हजारांवर मतांच्या आघाडीनं जिंकला, तोही मोदी लाटेत. 2019 ला त्यांनी स्वतः लढणं थांबवलं आणि नातू अनिकेत उभा राहिला. तो 768 मतांनी पडला, शहाजीबापूंकडूनच. आबासाहेब 30 जुलै 2021 ला गेले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब यांनी ती जागा परत घेतली. 288 जणांच्या आजच्या विधानसभेत शेकापचा तेवढा एकच आमदार आहे.